आजीच्या कोठीतला खजिन्याचा दगड

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याला शेवटी बिल्डर मिळाला, अकरा वर्षं आपापसात भांडून आणि चार वकील बदलून झाल्यावर, आणि मग एकदम दोन महिन्यांत सगळं रिकामं करा म्हणून घाई सुरू झाली. भांडी, ट्रंका, समया यांची वाटणी त्यामानाने शांततेत झाली, आत्याने झोपाळ्याच्या कड्या नेल्या, मला आजीचा फिरकीचा तांब्या मिळाला. वाजलं ते एकाच वस्तूवरून, ती म्हणजे कोठीच्या खोलीतला दगड.

आजी त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवायची. खाली ओल यायची आणि मुंग्या व्हायच्या म्हणून. फूटभर लांब, पाऊण फूट रुंद, तीन इंचांना जरा कमी जाड, दुधावरच्या सायीसारखा पिवळट रंग, एक कोपरा उडालेला. वरून इतका गुळगुळीत की लहानपणी उन्हाळ्यात आम्ही त्याला गाल लावून बसायचो. आणि त्याच्यावर अक्षरं होती. अक्षरं म्हणजे अक्षरांसारखं काहीतरी, एका कोपऱ्यात बऱ्यापैकी दिसणारं, बाकी ठिकाणी नुसत्या काळपट सावल्या. घरात सगळे त्याला खजिन्याचा दगडच म्हणायचे. "खजिन्याच्या दगडावरची छोटी बरणी आण" असं आजी रोजच्या बोलण्यात म्हणायची, जसं कोणी फ्रिजवरची म्हणेल तसं.

गोष्ट अशी की आमचं मूळ गाव विजयदुर्गाजवळ, आणि आमचा कोणी मूळपुरुष म्हणे तुळाजी आंग्र्यांच्या आरमारात कारकून होता. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला त्या धामधुमीत किल्ल्यातला खजिना गलबतातून वाघोटणच्या खाडीने आत नेऊन कुठेतरी पुरला, जागा माहीत असलेली दोन-तीनच माणसं, त्यातला एक आमचा, आणि त्याने ती जागा सांकेतिक लिपीत दगडावर कोरून ठेवली. पुढे घराणं पुण्याला आलं तेव्हा दगड बैलगाडीतून घाट चढून आला. काका हे सांगायला लागला की त्याचा आवाज बदलतो. त्याच्याकडे पुरावा पण होता, पणजोबांच्या हातची वंशावळीची वही. त्यात पणजोबांच्या वडिलांच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलंय, "पुणे येथे शिळेवर लेखनाचे काम". काका त्या ओळीवर बोट ठेवून विचारायचा, आता याहून स्पष्ट काय पाहिजे? मी म्हणायचे की अरे १७५६ चा माणूस आणि पणजोबांचे वडील यांच्यात शंभर वर्षांचं अंतर आहे, तर तो म्हणायचा मूळ दगड झिजला असेल म्हणून यांनी नक्कल केली.

इथे एक बोलून घेते कारण नाहीतर आत जळत राहतं. आमच्या पुढच्या पिढीने या गोष्टीत सरळ "पायरेट" शब्द घुसवला. आंग्रे चाचे नव्हते. कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते, आपल्या समुद्रात फिरायचं तर दस्तक घ्या म्हणायचे, ज्याने घेतलं नाही त्याचं जहाज पकडायचे. हेच पोर्तुगीज आधी दोनशे वर्षं करत होते, तेव्हा कोणी त्यांना चाचे म्हटलं नाही. इंग्रजांना परवाना घ्यायचा नव्हता म्हणून त्यांनी कागदोपत्री आंग्र्यांना पायरेट करून टाकलं आणि तुळाजींच्या वेळेला तर आमच्या पुण्याच्याच नानासाहेबांनी इंग्रजांना हाताशी धरलं. बॉम्बगोळा पडून एका जहाजाला आग लागली, तेही गंमत म्हणजे कंपनीकडूनच पकडलेलं, रिस्टोरेशन नावाचं, आणि बघता बघता सगळं आरमार जळालं. किल्ल्यात दहा लाखांच्या आसपास लूट मिळाली ती इंग्रजांनी आपापसात वाटून घेतली, मराठ्यांच्या हातात काही नाही. म्हणजे खजिना होता तो गेला, हिशेबासकट गेला. हे मी काकाला सांगितलं तर तो म्हणाला, सापडला तो दहा लाखांचा, न सापडलेल्याचं बोल.

तर वाटणीत दगड कोणाकडे जाणार यावर काका आणि आत्या दोन दिवस बोलत नव्हते, शेवटी तोडगा म्हणून माझ्याकडे आला, कारण मी बँकेत आहे. यातलं लॉजिक मला अजून कळलेलं नाही. अट एकच, मी तो "वाचून आणायचा".

मी पहिल्याच रविवारी मूर्खपणा केला. बेसिनमध्ये ठेवून भांडी घासायच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ धुतला. वर अक्षरं उठून दिसावीत म्हणून रांगोळी चोळली. नंतर ज्या ज्या जाणकाराला हे सांगितलं त्याने कपाळावर हात मारून घेतला. रांगोळीची पूड बारीक खरवडते, खाचांत बसली की निघत नाही, आणि पुढच्या माणसाला मूळ काय आणि तुम्ही भरलेलं काय ते कळत नाही. खडू नको, तेल नको, शेंदूर तर नकोच. कोरडा मऊ ब्रश, बस. कोणाकडे असा काही दगड असेल तर एवढं तरी लक्षात ठेवा.

फोटो मात्र बरे आले. ही युक्ती माझ्या भाचीने काढली. खोलीत पूर्ण अंधार करायचा, मोबाईल स्टँडवर दगडाच्या बरोबर वर उभा करायचा, आणि दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च दगडाच्या पातळीला अगदी आडवा, जवळजवळ जमिनीला टेकवून धरायचा. वरून लाईट मारला तर काहीच दिसत नाही, आडवा मारला की बारीकसारीक उंचसखल भागाची सावली पडते. मग टॉर्च घड्याळाच्या काट्यासारखा फिरवत आठ दिशांनी आठ फोटो काढायचे. आम्ही पाचव्या फोटोला आलो आणि भाची म्हणाली, "मावशी, सावली चुकीच्या बाजूला पडतीये." मला आधी कळलंच नाही. मग तिने माझं बोट धरून त्या अक्षरांवरून हलकेच फिरवलं. नख खाली जात नव्हतं, वर चढत होतं. म्हणजे अक्षरं कोरलेली नव्हतीच, बाजूचा दगड खाली गेला होता आणि अक्षरं वर राहिली होती, कागदाच्या जाडीइतकी. पन्नास वर्षं मी हा दगड बघितलाय, त्याला गाल लावलाय, आणि मला हे कधी जाणवलं नाही कारण घरात सगळे "कोरलेलं" म्हणायचे.

फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले ही दुसरी चूक. तासाभरात माझ्या धाकट्या भावाने, जो आयटीत आहे आणि ज्याचं काम संध्याकाळी सहानंतर सुरू होतं आणि त्याआधी त्याला वेळच वेळ असतो, त्याने एक फ्रेंच चाचा शोधून काढला. ऑलिव्हिए लव्हासूर. हा माणूस खरा आहे. १७२१ मध्ये याने आणि त्याच्या साथीदाराने रियुनियन बेटापाशी एक पोर्तुगीज जहाज पकडलं जे गोव्याहून निघालं होतं, त्याच्यावर गोव्याचा मावळता व्हाइसरॉय आणि सोनं-हिरे-माणकं काय काय होतं. १७३० मध्ये त्याला त्याच बेटावर फाशी दिलं, आणि दंतकथा अशी की फासावर चढताना त्याने गर्दीत एक सांकेतिक लिपीतला कागद भिरकावला, ज्याला कळेल त्याचा खजिना. त्या सतरा ओळींवर लोकांनी सेशेल्समध्ये आयुष्यं घालवलीत, खडक फोडलेत, मिळालं काही नाही. भावाचं म्हणणं, गोव्याचा माल, विजयदुर्ग गोव्याला जवळ, बघ लिंक लागते का. त्या लिपीत चौकोन, काटकोन आणि टिंबं असतात. आमच्या दगडावर सगळी गोल गोल वळणं, एकही काटकोन नाही. तरी त्याने तीन रात्री जागून एक्सेल शीट केली. वर ओळींमध्ये मधे मधे ज्या मोकळ्या जागा होत्या, चांगल्या दोन-दोन बोटांच्या, ती अंतरं आहेत, पावलं मोजायची, असा त्याचा दुसरा सिद्धांत. हे काकाला फार आवडलं.

मधे एक प्रकार झाला तो पटकन सांगून टाकते. बातमी फुटली. काकाच्या ओळखीतल्या कोणाच्यातरी ओळखीचा एक माणूस घरी आला, पांढरा झब्बा, बोटात चार अंगठ्या, दगडाला हात न लावता डोळे मिटून बसला आणि म्हणाला इथे राखण आहे, अमावस्येला विधी करावा लागेल, एकवीस हजार, सामान वेगळं. मी त्याला चहा पण दिला नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, गुप्तधनाच्या नावाने चालणारे अघोरी प्रकार त्यात येतात, हे मी त्याला सांगितल्यावर तो आम्हाला "श्रद्धा नाही" म्हणून निघून गेला. काका दोन दिवस खट्टू होता.

कायद्यावरून आठवलं, तेही मी विचारून घेतलं होतं, कारण आत्याला भीती की सरकार दगड जप्त करेल. पुरलेलं धन सापडलं तर त्यासाठी १८७८ चा कायदा अजून चालू आहे, त्याला निखात निधी म्हणतात, आणि दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! आणि पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा वेगळा, त्यात शिलालेख वगैरे शंभर वर्षांच्या वरचं सगळं येतं, घरात ठेवता येतं, काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते, परदेशात मात्र नेता येत नाही. वकील मैत्रिणीने विचारलं की पण आधी ही वस्तू काय आहे ते तर ठरव. हे वाक्य पुढच्या तीन महिन्यांत मी इतक्या लोकांकडून ऐकलं. आमच्या घरात तीन पिढ्या दगडावर काय लिहिलंय एवढंच विचारत होत्या. दगड कसला आहे हे कोणी विचारलंच नव्हतं.

भावाच्या सोसायटीत भूशास्त्राचे एक रिटायर्ड प्राध्यापक राहतात. मी आणि भाऊ दगड गोधडीत गुंडाळून त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी अक्षरांकडे ढुंकूनही बघितलं नाही. उलटा करून खालची खडबडीत बाजू बघितली, उडालेल्या कोपऱ्याचा भाग भिंगातून बघितला, आणि बायकोला हाक मारून लिंबू मागितलं. मला वाटलं सरबत. त्यांनी फुटक्या कोपऱ्यावर, मागच्या बाजूला, लिंबाचा एक थेंब टाकला आणि आम्हाला कान जवळ न्यायला सांगितलं. बारीक चरचर ऐकू आली आणि बुडबुडे आले. मग त्यांनी कपाटातून ड्रॉपरची बाटली काढून ॲसिडचा एक थेंब टाकला, तो तर सोड्यासारखा फसफसला, लगेच ओल्या फडक्याने पुसून घेतला. "हा चुनखडीचा दगड," ते म्हणाले. "पुण्यात खणाल तर काळा बेसाल्ट, विजयदुर्गाला जांभा. दोन्ही असे फसफसत नाहीत. आणि इतका बारीक, इतका एकसारखा चुनखडक मी आपल्या भागात बघितलेला नाही."

घनता कशी काढायची तेही त्यांनीच सांगितलं, घरी केलं. विमानाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा असतो ना तो, दगडाला परकराची नाडी बांधली (दोन पदरी, दगड पडला तर फरशी माझी), हवेत वजन १२.४ किलो. मग बादलीत पाण्यात पूर्ण बुडवून पण तळाला न टेकवता, ७.६. फरक ४.८. भागाकार केला, २.५८. बेसाल्टचा साधारण २.९ च्या पुढेमागे येतो. सरांना कळवलं तर म्हणाले बरोबर, चुनखडकच, आणि वर म्हणाले, "मला एक शंका आहे पण मी बोलत नाही, तुम्ही आधी लिपीवाल्याला दाखवा."

काकाला मी फक्त एवढंच सांगितलं की दगड इथला नाही. त्याला काय झालं विचारू नका. परदेशी दगड! जहाजातून आलेला! तो रात्री साडेअकराला फोन करून म्हणाला, "मी काय म्हणत होतो?"

मोडी वाचणारी माणसं पुण्यात शोधावी लागत नाहीत, अजून. इथे पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीगच्या ढीग आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मोडीचे क्लास चालतात, रिटायर झालेले लोक हौसेने शिकतात. मी ज्यांच्याकडे गेले ते गृहस्थ नारायण पेठेत राहतात, ऐंशीच्या जवळ, नाव छापू नको म्हणालेत. त्यांनी फोटो बघितले, भिंग घेतलं, चष्मा काढला, परत लावला. मग म्हणाले, "वळण मोडीचं आहे. पण एक अक्षर लागेल तर शपथ." मोडीत आधी आडवी रेघ कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. ती रेघ आमच्या दगडावर होती. पण त्यांनी अजून एक दाखवलं, ओळींची उजवीकडची कड सरळ होती आणि डावीकडची वाकडीतिकडी. "उजवीकडून सुरू केल्यासारखं वाटतं. फारसी असेल का? पण फारसीला वर रेघ कशाला?"

फारसी म्हणाले ते मी घरी सांगायला नको होतं. दोन दिवसांत काकाने त्यात जंजिऱ्याचा सिद्दी आणला. फारसी जाणणाऱ्या एका बाईंना फोटो पाठवले, त्यांचं उत्तर एका ओळीत आलं, ही फारसी नाही आणि अरबीही नाही. बरं.

मग नारायण पेठेतल्या सरांनी सांगितलं की फोटोचे ए-थ्री साइजचे प्रिंट काढा, त्यावर बटर पेपर ठेवून जेवढं दिसतंय तेवढंच पेन्सिलीने गिरवा, मनाने एक रेघही जोडू नका. दगडावर थेट कागद लावून ठसा घेऊ दिला नाही, शाई-पाण्याने अशा मऊ दगडाचं वाटोळं होतं म्हणाले. चार संध्याकाळी बसून मी गिरवलं. मान गेली. शनिवारी कागदाची गुंडाळी घेऊन त्यांच्याकडे गेले, टेबलावर पसरली, ती सारखी परत गुंडाळली जात होती म्हणून त्यांनी एका टोकाला अडकित्ता आणि दुसऱ्या टोकाला चष्म्याचं घर ठेवलं. मी आत पाणी प्यायला गेले. बाहेर आले तर ते वाचत होते. तोंडाने पुटपुटत, बोट फिरवत, डावीकडून उजवीकडे.

"लागलं?" मी विचारलं.

"तुम्ही नीट गिरवलंय की," ते म्हणाले, "आधीचे फोटो खराब होते बहुतेक."

मी कागदाकडे बघितलं. माझ्या पेन्सिलीचा चकाकणारा भाग वर नव्हता. गुंडाळी उलटी पसरली होती. बटर पेपरमधून मागची अक्षरं आरपार दिसत होती, उलटीची सुलटी झालेली. हे त्यांना सांगितल्यावर ते आधी माझ्याकडे, मग कागदाकडे बघत बसले आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला.

काय लिहिलं होतं ते सांगते. पूर्ण लागलं नाही, जिथे दगडावर नुसती सावली आहे तिथे काही नाही. पण वरच्या ओळीत "सन १८" आणि पुढे मोकळी जागा. खाली "मौजे", मोकळी जागा. "तालुके", मोकळी जागा. मग "रुपये", मोकळी जागा, "आणे", मोकळी जागा, "पै". आणि आजीची मोठी बरणी ज्या कोपऱ्यात असायची तिथे, सगळ्यात ठसठशीत, "खजिन्यात भरणा".

ती पावती होती. छापील पावतीचा नमुना. सारा भरला की गावच्या माणसाला मिळायची तशी, रिकाम्या जागा नंतर हाताने भरायच्या. भावाची पावलं मोजायची अंतरं ती हीच.

बाकीचा उलगडा कोथरूडच्या एका बाईंनी केला, चित्रकलेच्या कॉलेजात प्रिंटमेकिंग शिकवून रिटायर झाल्यात. त्यांना दगड टेबलावर ठेवेपर्यंत दम नव्हता. कडांवरून तळवा फिरवला, कडा गोलसर घासलेल्या आहेत, कागद कापला जाऊ नये म्हणून तशा घासतात म्हणाल्या. शिळाछापाचा दगड. लिथोग्राफी. १७९६ मध्ये जर्मनीत सेनेफेल्डर नावाच्या माणसाने शोधलेली पद्धत, आणि सगळ्यात चांगला दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणींचा, जिथे पंखवाल्या, पक्ष्यासारख्या त्या प्रसिद्ध प्राण्याचे, आर्किऑप्टेरिक्सचे, जीवाश्म सापडले त्याच थरांचा. तो दगड जगभर जायचा. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पहिलं मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवरच. छपाईचे धातूचे खिळे पाडायला मोडी फार त्रासाची, एकात एक गुंतलेली अक्षरं, त्यामुळे शिळाछाप तिला सोयीचा. चांगल्या वळणाचा लेखक ठेवायचा, तो तेलकट शाईने खास कागदावर सुलटं लिहायचा, तो कागद दगडावर दाबला की दगडावर उलटं उमटायचं, आणि दगडावरून छापलं की परत सुलटं. दगड पाण्याने ओला करायचा, तेलकट अक्षरांवर पाणी थांबत नाही, मग शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांना धरते. काम झालं की दोन दगड वाळू-पाणी टाकून एकमेकांवर घासायचे, अक्षरं गेली, दगड नव्या कामाला तयार. कोपरा उडाला की दाबाखाली तडकायची भीती, म्हणून असा दगड टाकून देत.

"पण मग अक्षरं वर कशी आली?" मी विचारलं. कारण बाई म्हणत होत्या की शिळाछापात अक्षरं सपाटच असतात, उंच नसतात.

त्यांनी विचारलं घरात दगड कशाला वापरायचे. मी लोणच्याच्या बरण्यांचं सांगितलं. त्यांनी परत एकदा तो कोपरा बघितला. लिंबाचा खार. आजीची लिंबाची बरणी दरवर्षी उतू यायची, दादरा भिजायचा, खार ओघळून दगडावर यायचा, ती पुसायची आणि परत यायचा. आम्लाने चुनखडी खाल्ली. जिथे जुन्या तेलकट शाईचा थर होता तिथला दगड वाचला, आजूबाजूचा झिजला. म्हणजे जे आम्ही तीन पिढ्या सांकेतिक लिपी म्हणून बघत होतो त्यातलं निम्मं तरी आजीने लोणचं घालून घालून वर काढलेलं होतं. बाई म्हणाल्या असं त्यांनीही पहिल्यांदाच बघितलं. यावरून आता एक प्रत छापून बघता येईल का विचारलं तर ठाम नाही म्हणाल्या, रूळ फिरवाल तर आहे तेही जाईल.

घरी येताना रिक्षात मला एकदम वहीतली ओळ आठवली. शिळेवर लेखनाचे काम. पणजोबांचे वडील कुठल्यातरी छापखान्यात लेखक होते. दिवसभर बोरू घेऊन पावत्यांचे नमुने वळणदार मोडीत काढायचे. कोपरा उडालेला दगड मालकाने टाकून दिला असेल तो घरी आणला असेल, कोणाला सांगितलंही असेल की यावर काय आहे, आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात सगळ्यातला एकच शब्द राहिला. त्या माणसाबद्दल घरात दुसरं काहीही शिल्लक नाही, ना फोटो, ना गोष्ट. ही तेवढी ओळ आणि हे हस्ताक्षर. "खजिन्यात" मधला "ज" त्याने शेवटी जरा लांबवून वळवलाय, पावतीच्या नमुन्यात काही गरज नसताना. मला तो फार आवडला.

काकाला सांगायला मी, भाऊ आणि भाची तिघं मिळून गेलो, धीर म्हणून. बटर पेपर सुलटा धरून खिडकीला लावला, एकेक शब्द वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकलं. वही आणली, ओळ परत वाचली, वही मिटली. मग म्हणाला, "पण भरणा कुठे, खजिन्यातच ना? म्हणजे खजिना होता." काकू आतून म्हणाली, "अहो तो इंग्रजांचा." काका म्हणाला, "तेच तर."

दगड आता माझ्याकडे आहे, वारज्याच्या फ्लॅटमध्ये, शोकेसच्या खालच्या खणात, खाली फेल्ट लावून. लोणचं वेगळ्या कपाटात. नारायण पेठेतल्या सरांनी फोटोंचा एक संच ठेवून घेतलाय.

वाड्याच्या जागेवर गेल्या महिन्यात जेसीबी लागला. काका रोज दहा वाजता छत्री घेऊन तिथे जाऊन उभा राहतो, कोठीची खोली होती त्या बाजूला, आणि ड्रायव्हरला जरा हळू घे म्हणतो. मला त्याने सहज म्हणून विचारून घेतलं की ते दहा रुपयांचं कलम नक्की काय होतं. चौथ्या दिवशी जेसीबीला खापराच्या नळाचे तुकडे लागले, नानासाहेबांच्या वेळेला कात्रजहून पाणी आणलं होतं तसले जुने नळ निघतात अधूनमधून पेठांमध्ये, त्यापैकी असतील. बिल्डरच्या माणसाने बाजूला फेकले. काल सकाळी सात वाजता काकाचा मेसेज आला, एका तुकड्याचा फोटो, त्याच्यावर दोन-तीन रेघा, आणि खाली, "हे काय असेल? उलटं करूनही बघितलंय."